रंभाबाईंची साक्ष

रंभाबाई महाल भागात ब्लाउज शिवून द्यायच्या. १९६९ साली सुकदेवनं घर फोडून त्यांचं शिलाई मशीन पळवलं, तेव्हा त्यांच्याच साक्षीनं तो वर्षभर तुरुंगात गेला. पाच वर्षांनी इतवारीतल्या एका चोरीसाठी त्याला पुन्हा शिक्षा झाली. आठवड्याभरात रंभाबाई माझ्यासारख्या नवख्या वकिलाकडे आल्या.

"चोरी झाली त्या दुपारी सुकदेव रामटेकले होता," त्या म्हणाल्या. "नातवाचं बारसं होतं. पोरीच्या घरासमोर तो धानाची पोती उतरवून राहिला होता. बाळंतपण आटोपून मी काल आली, तवा शिक्षेचं समजलं."

"पण बाई, तो मुळात चोरच. त्याच्यासाठी एवढी धावपळ कशाला?"

"तुम्ही अपील करा," एवढंच त्या म्हणाल्या.

अपिलात कोर्टानं त्यांची साक्ष घेतली. ज्याची पोती सुकदेव उतरवत होता, त्या धानाच्या व्यापाऱ्यालाही त्या स्वतः रामटेकहून घेऊन आल्या होत्या. सरकारी वकिलानं हसत विचारलं, "ज्यानं तुमचं घर फोडलं, त्याचा एवढा पुळका?"

"पुळका कायचा, साहेब? मशीन गेल्यावर चार महिने मी हातानं शिवलं. तो राग मले आजही आहे. पण तवा खरं होतं ते सांगितलं, आज खरं आहे ते सांगून राहिली."

सुकदेव निर्दोष सुटला. कोर्टाबाहेर तो पाया पडायला वाकला, तशा रंभाबाई मागे सरकल्या.

"राहू दे गा. कामाले लाग," म्हणून त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.

त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मलाच वाकून नमस्कार करावासा वाटला.