किडी वाढवायची खोली

भोपळ्याच्या हिरव्या सालीवर एक पिवळा ठिपका चालत होता—सुईच्या टोकाएवढा, भिंग धरलं तरच पाय दिसावेत असा—देठापर्यंत जायचा, वळायचा, पुन्हा देठ. बसत नव्हता. एव्हाना बसायला हवा होता. खवले किडीचं पिल्लू जन्मलं की एखाद दिवस भटकतं, मग मनाजोगती जागा बघून सोंड खुपसतं, आणि कात टाकताना पायही टाकून देतं. पुढचा सगळा संसार त्याच जागी. पण हवा कोरडी असली की भटकता भटकताच सुकून जातं... भिंग खाली ठेवून त्याने भिंतीवरच्या ओलावामापकाच्या काट्याकडे पाहिलं. ओलावा साठ हवा, होता अडतीस.

म्हणजे काल संध्याकाळी ट्रेमध्ये पाणी घालायचं राहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यातली एकवीस वर्षं पाणी त्याच्या बायकोनेच घातलं होतं, हा भाग वेगळा—दोघं याच खोलीत नोकरीला, एकाच डब्यातून जेवणारी, आणि कीड पोसतात म्हणून सगळ्या नातलगांत थट्टेचा विषय झालेली. लोक कीड मारतात, आमचे हे तिला न्हाऊ-माखू घालतात, असं ती स्वतःच सांगत सुटायची. ही कीड खाऊन ढालकिडे वाढतात, ते बागांत सोडले की तिथली कीड फस्त करतात, हे समजावत बसायचं काम त्याचं. काट्याकडे ती बघायचीच नाही. दारात उभी राहून म्हणायची, आज गाल ओढतोय, पाणी कमी पडलंय—आणि काटाही मुकाट्याने तेच सांगायचा.

मग लेकीला बाळ झालं. सहा महिने म्हणून बायको तिच्याकडे गेली, त्याचं वर्ष झालं. काल फोनवर म्हणाली, बिनपगारी रजा आणखी वर्षभर वाढवून मिळतेय, अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचाय, तुम्ही म्हणाल तसं. आणि हा शहाणा काय म्हणाला? तुझं तू बघ, इथलं सगळं व्यवस्थित आहे... व्यवस्थित! फोन ठेवून तो तसाच घरी गेला, दोन कप चहा टाकला, आणि दुसरा कप गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसला.

त्याने ट्रे भरले, ओली पोती टांगली. काटा आता चढेल, पण जी सुकली ती सुकली. पंधरवड्याने ढालकिडे अर्धपोटी राहणार. बाराला दहा मिनिटं होती. तुझ्याशिवाय करमत नाही मला—हे शब्द इतक्या वर्षांत कधी लागलेच नव्हते, ती समोरच असायची.

त्याने फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. तिने नेहमीसारखं आधी खोलीचंच विचारलं.

"पाणी घातलंत ना?"

"नाही. विसरलो." मग काट्याकडे पाठ करून तो म्हणाला, "मला जमत नाहीये गं. तू ये."

बाळ रडायचं थांबलं. तिने उचलून घेतलं असावं.

"हे सहा महिन्यांपूर्वी का नाही बोललात?" ती हळूच म्हणाली, आणि बघते म्हणून फोन ठेवला.

तो स्टुलावर बसला. लाज वाटत होती—या वयात, लेकीचा आधार हिरावून घ्यायला निघालो... पण सहा महिने? म्हणजे तीही तिकडे वाट बघत होती, आणि आपण रोज तिला तापमान सांगत बसलो? त्याला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. मग दोन्ही ओसरले आणि उरलं फक्त तिला बघावंसं वाटणं—इतकं उघडं की त्या क्षणी कोणी दार ढकललं असतं, तर त्याला तोंड लपवायला जागा उरली नसती.