उकळलेलं पाणी

खतं आणि सांडपाणी मिसळून पाणी कसं नासतं, यावर जगभर काय संशोधन चाललंय याचा आढावा संशोधिकेला लिहायचा होता. जो तो तलावातल्या हिरव्या शेवाळाच्या मागे लागलेला. शेवाळ फोटोत छान दिसतं ना! खतांतून विहिरीत झिरपणाऱ्या नायट्रेट या क्षाराला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याला कोणी वालीही नाही.

तिने मात्र शहराबाहेरच्या एका वसाहतीतल्या विहिरी तपासल्या होत्या. नायट्रेट भलतंच जास्त निघालं. पण त्यावरचा निबंध छापून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा संस्था चालवणाऱ्या सरांचा शिरस्ता. त्याच वसाहतीत तिची धाकटी नणंद राहायची. 'ती विकतचं पाणी आणत असेल,' अशी मनाची समजूत घालत संशोधिका दिवस ढकलत होती. कामात मात्र लक्ष लागत नव्हतं.

दुपारी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, बाळ दूधच पीत नाही गं. ओठ निळसर दिसतायत. विहिरीचं पाणी मी दोनदा उकळते, मगच पावडर घालते!"

नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही आणि ओठ निळे पडतात, हे संशोधिकेला ठाऊक होतं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की ते आणखी दाट होतं!

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

"आणि पाण्याचं का नाही सांगितलंस?" शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं.

"निबंध अजून तपासणीत आहे, बाई. सर फाडून खातील मला."

"एवढे निबंध वाचलेस ना? पाणी पिणाऱ्यांना आधी सांगितलं, असं किती जणांनी लिहिलंय?"

"ते कोणी लिहीत नाही."

"कारण कोणी सांगत नाही! निबंध वाढले, परिषदा वाढल्या, आणि पाणी भरणारीला पत्ता नाही. अगं, तिच्याच विहिरीवर निबंध लिहिलास ना तू?"

संशोधिकेने पुन्हा फोन लावला. "डॉक्टरांना सांग, पाण्यात नायट्रेट आहे. ते पाणी बाळाला देऊ नकोस, उकळलेलंसुद्धा नको!"

नणंद म्हणाली, "वहिनी, तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"बाळ जन्मायच्या आधीपासून," ती कशीबशी म्हणाली.

वेळेवर उपचार मिळाले आणि बाळ वाचलं. त्याच संध्याकाळी संशोधिका वसाहतीत दारोदार हे सांगत फिरली. सरांनी खरडपट्टी काढली, ती तिने मुकाट्याने ऐकून घेतली. नणंद मात्र अजून तिच्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

वाचकहो, ज्ञान छापून येईपर्यंत थांबू शकतं. तहान थांबत नाही. ज्याच्या पाण्यात दोष सापडला, त्याला आधी सांगा, मग जगाला!