मला मेलेलं म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनं विरजण आहे. मला शिळं म्हणा, आंबट म्हणा, राग नाही. पण मेलेलं म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

डोंगरकडा गावच्या सोजराबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरून मला गाडग्यात घेऊन आल्या. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू माझ्यात राहतात. दुधातली साखर खायची आणि आम्ल तयार करायचं, हे आमचं काम. सोजराबाईंची सून आकांक्षा चीज करायला शिकून आली, तेव्हा तिनेही मलाच हाताशी धरलं. आंबटपणा कमी पडला तर चीज नासतं, जास्त झाला तर त्याचा भुगा होतो. आम्ही दोघांनी तो नेमका साधला. कळमनुरीच्या बाजारात लोक तुकडा चाखून नाव काढू लागले.

एके दिवशी शेजारच्या हरिचंदने आणलेल्या दुधात तिने मला घातलं. दुपार उलटली तरी दूध आपलं गोडच. आकांक्षाचा नवरा रत्नपाल म्हणाला, विरजण मेलं, शहरातून पाकिटातलं आणू. त्याने गाडगं उचलून मोरीपाशी नेलंसुद्धा. मी जिवंत होतो, मित्रांनो! पण मला सांगता कुठे येतं?

आकांक्षाने त्याचा हात धरला. एका वाटीत घरच्या गाईचं दूध घेतलं, दुसरीत हरिचंदचं, आणि दोन्हींत मला थोडं थोडं घातलं. घरच्या दुधात मी घट्ट लागलो. दुसरी वाटी पातळच राहिली.

त्या वाट्या घेऊन ती हरिचंदकडे गेली. त्याने पातळ वाटी हलवून पाहिली.

"म्हशीचं सड सुजलं व्हतं," तो म्हणाला. "इंजेक्शन चालू हाय. दूध फेकायचं जिवावर आलं."

ते औषध दुधात उतरलं होतं आणि माझ्या जिवाणूंना मारत होतं.

"काका, विरजणानं सांगितलं म्हणून कळलं," आकांक्षा म्हणाली. "न्हाईतर लेकरांच्या पोटात गेलं असतं."

घरी येऊन तिने ते सगळं दूध खड्ड्यात ओतलं. रत्नपालने गाडगं पुन्हा जागेवर ठेवलं. आता म्हशीला औषध चालू असलं की हरिचंद स्वतः येऊन सांगतो, आज दूध न्हाई म्हणून.

मित्रांनो, काम अडलं की जुन्याच्या माथी खापर फोडू नका. मला स्वच्छ भांडं द्या, निर्मळ दूध द्या. औषधाचं दूध द्याल, तर मी लागणार नाही. कितीदाही मोरीपाशी न्या, लागणारच नाही.