एक्केचाळीस नंबरचं नाक

मित्रांनो, नाकात बोट घातलं की तुम्हाला घरी बोलणी खावी लागतात. माझं मात्र सगळं आयुष्य तुमच्या नाकात गेलं आणि त्याबद्दल लोकांनी मला शाबासकी दिली. मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. लाकडी पेटीत, वाळक्या गवतात बसवून मला ट्रकनं इकडं धाडलं. पेटी उघडली ती गौसिया आपांनी. तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी माझ्या अंगावरचं गवत काडी-काडी करून वेचलं आणि म्हणाल्या, "या हजरत, बसा. आता आपल्या दोघांना लई दिवस निभवायचं हाय."

काम काय ते सांगतो. लहान मुलांच्या नाकात, पार मागं घशाजवळ, न्यूमोकोकस नावाचे जंतू मुक्कामाला असतात. बहुतेक वेळा ते गुमान बसतात. एखादे वेळी मात्र फुफ्फुसात उतरतात आणि मूल तापानं फणफणतं. या जंतूंचे शंभरावर प्रकार आहेत, आणि लस त्यांतल्या मोजक्यांवरच चालते. म्हणून कोणत्या गावात कोणता प्रकार फिरतोय ते शोधावं लागतं. आपा वाढवलेल्या जंतूंचा थेंब काचेवर घेत, त्यात सिरम, म्हणजे एकाच प्रकाराला ओळखणारं रक्तातलं पाणी, टाकत आणि मला डोळा लावत. सिरम त्याच प्रकाराचं असेल तर जंतूभोवतीचं कवच फुगल्यासारखं ठळक दिसतं. नसेल तर काहीच होत नाही. मग दुसरं सिरम, मग तिसरं. आपा म्हणायच्या, "बरोबर सासर भेटलं की जावई फुगतोच."

सहा-ए आणि सहा-बी हे प्रकार म्हणजे सख्खे भाऊ, तेसुद्धा आम्ही वेगळे काढायचो. लांबून डॉक्टर यायचे आणि आपांचं बोट माझ्या स्क्रूवर फिरलं की मान डोलवायचे. मी तेव्हा जरा चढेल झालो होतो, हे कबूल करतो.

मग करोनाची साथ आली आणि शेजारच्या खोलीत पीसीआर मशीन आलं. साथ सरली, मशीन राहिलं. ते चालवायला लातूरची पुनम आली. मोठी हुशार पोरगी, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिचं मशीन जंतूच्या अंगातली खूण ओळखतं आणि एका फेरीत कितीतरी नमुने उरकतं. माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी आली. पिशवीच्या आत दमट हवा कोंडली आणि माझ्या भिंगावर बुरशी चढली. मला फार वाईट वाटलं, पण दोष कुणाला देणार?

प्रयोगशाळेचे प्रमुख दयानंद सर. त्यांनी एकदा ठरवलं की दोन्ही पद्धती एकमेकींसमोर उभ्या करायच्या. शंभर मुलांच्या नाकाचे नमुने घ्यायचे. प्रत्येक नळी आधी आपांकडे, मग पुनमकडे. कुणी कुणाचा निकाल पाहायचा नाही. हाताची पद्धत कच्ची ठरली तर ती बंद होणार होती आणि मी अडगळीत जाणार होतो. आपांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी मऊ कापसानं माझी बुरशी पुसली. "हजरत, आबरू सांभाळा," एवढंच म्हणाल्या.

नायगावच्या नळ्या तिथल्या नर्सबाईंनी भरून पाठवल्या, इस्लापूरच्या तिथल्या आशा सेविका चतुराबाईंनी. आम्ही दीड महिना खपलो.

निकाल लागले त्या दिवशी सर माझ्याच टेबलापाशी बसले. खोटं सांगत नाही, नऊ मुलांच्या नाकात मशीनला दोन-दोन प्रकार सापडले आणि आम्हाला एकेकच. जंतू बशीत वाढवले की त्यांचे ठिपके उठतात, आपा त्यातला एकच उचलत. शेजारच्या ठिपक्यात दुसरा प्रकार असला तर तो सुटून जाई. माझी मान तशी वाकलेलीच असते, त्या दिवशी ती आणखी वाकावी असं वाटलं. उलट सहा-ए की सहा-बी हे मात्र मशीनला सांगता आलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सरांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आपा, एक्केचाळीस नंबरचा नमुना आलाच नाही, असं पुनमनं लिहिलंय. तुम्ही त्याचा निकाल दिलाय. न आलेल्या नमुन्याचा निकाल कुठून आणला?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हा मी ओरडलो असतो. तो नमुना मी पाहिला होता. एकतीस वर्षांत आपांनी न पाहता एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आता जाता जाता त्यांच्यावर हा डाग.

आपांचा हात माझ्या स्क्रूवर होता. पण त्या तंडल्या नाहीत. त्यांनी फोन काढला, आवाज मोठा केला आणि चतुराबाईंना लावला.

"बाई, एक्केचाळीस नंबरची नळी भरली होती का?"

"हाव, भरली की," चतुराबाई म्हणाल्या. "लई रडली पोरगी, मला लाथ हाणली तिनं. म्या माझ्या हातानं नंबर घातला त्याच्यावर."

"कसा लिव्हला नंबर?"

"कसा म्हंजे? मराठीत. दुसरं काय येतंय मला?"

आपांनी फोन ठेवला. एका चिठ्ठीवर त्यांनी ४१ लिहिलं आणि ती पुनमपुढं सरकवली. "बेटा, वाच बरं हे."

पुनमनं पाहिलं. "एटी नाईन, आपा."

पुनमनं पळत जाऊन फ्रीजरमधला डबा आणला. एकोणनव्वदच्या घरात दोन नळ्या होत्या. नायगावच्या नळीवर इंग्रजी आकडे होते, इस्लापूरच्या नळीवर मराठी. मराठीतला चार तिला इंग्रजी आठ वाटला आणि एक वाटला नऊ. एकाच मुलाच्या दोन नळ्या आल्या असं समजून तिनं त्या एकत्र केल्या होत्या. दोन नाकं एक झाली. म्हणूनच मशीननं एकोणनव्वदला दोन प्रकार दाखवले होते. त्या नऊतलं एक नाक हे होतं.

सर उठले. "आपा, माझं चुकलं. नळी न बघताच मी तुमच्यावर शंका घेतली."

पुनम तर रडायलाच लागली. आपांनी पदरानं तिचे डोळे पुसले. "रडून काय करून राहिली? मला तरी तुझं मशीन कुठं चालवता येतंय?"

त्या दिवसापासून आमच्याकडे नळीवरचा आकडा अक्षरातही लिहितात. आता नमुने आधी मशीनवर जातात आणि मशीन अडलं की माझ्याकडे येतात. निवृत्तीपर्यंतची प्रत्येक दुपार आपांनी पुनमला माझ्यापाशी बसवलं. शेवटच्या दिवशी चतुराबाईंना लाथ हाणणाऱ्या त्या पोरीचा नवा नमुना मशीनवर अडून माझ्याकडे आला होता. पुनमनं थेंब घेतला, सिरम टाकलं, बराच वेळ डोळा लावून बसली. मग मान न उचलताच म्हणाली, "आपा, जावई फुगला."

आपांनी स्वतः पाहिलं नाही. "तू बघितलंस ना? मग लिव्ह," म्हणाल्या, आणि माझ्यावर धुतलेलं सुती कापड टाकून गेल्या.

मित्रांनो, शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद दिसला तर त्याच्यावरची प्लॅस्टिकची पिशवी तेवढी काढा. भिंगाला बोट लावू नका, नुकतंच नाकातून काढलेलं तर नकोच. आणि कुठं आकडा लिहिलात तर शेजारी तो अक्षरातही लिहा. 'एक्केचाळीस' लिहायला पाच अक्षरं जास्त लागतात, पण कुणाची तरी एकतीस वर्षं त्यानं वाचतात.