फोर्निओलच्या रस्त्यावरची रहदारी

लेऑन्सची जुनी व्हॅन रस्त्यावर आडव्या टाकलेल्या काळ्या रबरी नळीवरून गेली. आधी पुढची चाकं उसळली, मग मागची. शेजारी बसलेल्या ह्युगेतने मान वळवून पाहिलं. नळी जागच्या जागी होती. दफनभूमीच्या फाटकापाशी लेऑन्सने गाडी वळवली आणि पुन्हा आल्या वाटेने काढली.

“सकाळपासून किती फेऱ्या झाल्या?” त्याने विचारलं.

“मोजायचं काम नळीचं. तू गाडी चालव.”

“मागे कोंबड्या घालून आणू का, बाई? त्याही बिचाऱ्या कधी फिरायला गेल्या नाहीत.”

“कोंबड्यांना कोण विचारतंय? चाकं मोजतात ते.”

लेऑन्स तिच्यापेक्षा वयाने मोठा होता, तरी साऱ्या फोर्निओलसारखा तोही तिला बाईच म्हणे. गावची शाळा बंद होईपर्यंत ह्युगेतच तिथे शिकवत होती. शाळा गेली, पण बाई हे नाव मागे राहिलं.

समोरून विधवा एमे तिच्या डबीएवढ्या गाडीतून येत होती. तिने ठेवणीतली टोपी घातली होती. नळीवरून जाताना तिने दोघांकडे पाहून हात असा हलवला, जणू शहरात पाहुणचाराला निघाली आहे.

“नटून काय आलीस?” लेऑन्स खिडकीतून ओरडला. “नळीला डोळे नाहीत!”

“तुला तरी कुठे आहेत?” एमे म्हणाली आणि तशीच पुढे गेली.

ह्युगेत हसली. खूप दिवसांनी गावात काहीतरी एकत्र चाललं होतं.

ही नळी कशासाठी आहे, हे इथे कुणाला विचारावं लागलं नाही. शेजारच्या खोऱ्यात अशीच नळी पडली होती. गाड्या फार थोड्या निघाल्या आणि त्याच हिवाळ्यात बर्फ काढणारं यंत्र खालच्या गावापर्यंत येऊन परत फिरू लागलं. वरच्या वस्तीत राहिलेलं शेवटचं जोडपं वसंताआधीच लेकाकडे निघून गेलं. म्हणून रस्तेखात्याची दोन माणसं फोर्निओलच्या वळणावर खिळे ठोकताना दिसली, तेव्हा लेऑन्सने एवढंच विचारलं, “कशाला हे?” त्यांतला एक म्हणाला, “मोजायला. वरून सांगितलंय.” तेवढं पुरेसं होतं.

ह्युगेतने त्याच संध्याकाळी सगळ्यांना आपल्या स्वयंपाकघरात बसवलं आणि शाळेच्या तासांसारख्या पाळ्या लावून दिल्या. सकाळी लेऑन्स, दुपारी एमे, गुरं आत घेतल्यावर मारियूसचा ट्रॅक्टर. तिचा हिशेब साधा होता. बर्फ निघालं नाही, तर शाळेची गाडी वर येणार नाही. गाडी आली नाही, तर तिची नात लिझाँ शाळेला जाणार कशी? आणि मग लिझाँचे आईबाप इथे राहतील कशाला?

तिची मुलगी क्लारिस आणि जावई जोरिस यांनी जुन्या शाळेच्या इमारतीत सायकलस्वारांसाठी चार खोल्या काढल्या होत्या. उन्हाळ्यात परदेशी माणसं येत, चढ चढून लालबुंद झालेली. सायकली भिंतीला टेकवून ती बीच वृक्षांच्या रानाकडे, डोंगराच्या कडेने वळत गेलेल्या त्या अरुंद रस्त्याकडे बघत उभी राहत. “दिवसभरात एक मोटार भेटली नाही,” असं एका डच बाईने गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. “तुम्ही स्वर्गात राहता.” क्लारिस तिच्याशी गोड हसली होती आणि आत येऊन तिने हातातल्या ताटल्या जरा जोरातच ठेवल्या होत्या. दमली असेल, असं तेव्हा ह्युगेतला वाटलं.

नळीच्या त्या दिवसांत क्लारिस, जोरिस आणि लिझाँ सुट्टीसाठी क्लेरमाँ शहरात जोरिसच्या आईकडे गेली होती. ती परत आली तेव्हा नळी काढून नेलेली होती, रस्त्यात फक्त खिळ्यांची भोकं उरली होती. ह्युगेतने त्यांना काही सांगितलं नाही. केलेलं काम बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला, धुकं दारापर्यंत आलेलं असताना, एक माणूस सायकलवरून वर आला. तुर्नबीझ त्याचं नाव. डोंगरातल्या शांत रस्त्यांना जोडून एक लांब सायकलमार्ग आखायचं काम त्याच्या समितीकडे होतं. त्या मार्गावर पाट्या लागणार होत्या, नकाशे छापले जाणार होते, आणि वाटेवरच्या मुक्कामांची नावं त्यांत येणार होती. क्लारिस आणि जोरिस वर्षभर याच माणसाची वाट बघत होते. या मार्गावर आलो तर टिकलो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्युगेत जेवणाच्या टेबलाशी लिझाँला वजाबाकी शिकवत होती. मसुराच्या दाण्यांची रास होती. हातचा का घ्यायचा, हे मुलीला कळत नव्हतं आणि ह्युगेतला घाई नव्हती.

“जा, मांजराला दूध दे,” क्लारिसने लिझाँला सांगितलं आणि पाहुण्यासमोर सूपचा वाडगा ठेवला.

तुर्नबीझने ओले हातमोजे शेगडीजवळ वाळत घातले. सूप संपेपर्यंत तो हवेबद्दलच बोलला. मग म्हणाला,

“पत्राने कळवणार होते. मला ते बरं वाटलं नाही. मार्ग पलीकडच्या खोऱ्यातून जातोय.”

जोरिसने पाव कापता कापता सुरी खाली ठेवली.

“का?” त्याने विचारलं. “आमचे चढ जास्त आहेत म्हणून?”

“चढ लोकांना आवडतात हो. प्रश्न रहदारीचा आहे.” तो स्वतःच जरा ओशाळला. “लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी हा मार्ग आहे. ठरावीक आकड्याच्या वर गाड्या असतील, तर तो रस्ता आम्हाला घेता येत नाही. आम्ही शरदात रस्तेखात्याकडून मोजणी करून घेतली. तुमच्या इथे गाड्या जास्त निघाल्या.”

“इथे?” जोरिस हसलाच. “इथे कोण आहे?”

“मलाही तेच वाटलं. आज चढून आलो तर एक गाय भेटली, तीही झोपलेली. पण आकडा तो आकडा.”

ह्युगेतच्या बोटांतले मसूर टेबलावर पडले. तिने ते एकेक करून गोळा केले. गोळा करून झाल्यावर तळहात टेबलावर पालथा ठेवला, जसा ती वर्गात सगळे गप्प होईपर्यंत ठेवत असे.

“त्या गाड्या आम्ही होतो,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“लेऑन्स, एमे, मारियूस आणि मी. दिवसभर नळीवरून जायचो आणि वळून परत यायचो. आम्हाला वाटलं, रस्ता बंद करायला मोजताहेत. गाड्या दिसल्या तर बर्फ काढतील असं वाटलं.” ती तुर्नबीझकडे बघून बोलत होती. लेकीकडे बघवत नव्हतं. “लेऑन्स म्हातारा आहे, त्याला काही विचारू नका. पाळ्या मी लावल्या होत्या.”

तुर्नबीझ आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचे खांदे हलू लागले. त्याने हसू आवरलं.

“माफ करा, बाई. मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण...” त्याने मान हलवली. मग चेहरा उजळला. “अहो, मग ही वाईट बातमी नाही! अजून मंजुरीची शेवटची सही व्हायची आहे. तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या, मी समितीपुढे ठेवतो. वसंतात पुन्हा मोजणी करू. हा रस्ता त्या खोऱ्यातल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. मी स्वतः भांडेन तुमच्यासाठी.”

ह्युगेतच्या छातीवरचं ओझं सरकलं. तिने आता लेकीकडे पाहिलं.

क्लारिस जोरिसकडे बघत होती. जोरिस तिच्याकडे. शेगडीत लाकूड तडकलं. मग क्लारिसने पाहुण्याचा रिकामा वाडगा उचलला, पण तो आत नेला नाही. तशीच हातात धरून उभी राहिली.

“नको,” ती म्हणाली.

“काय नको?” तुर्नबीझला कळेना.

“पुन्हा मोजणी नको. त्रास नका घेऊ.” आवाज हळू होता, पण अडखळला नाही. “निर्णय झालाय ना? झाला तर झाला.”

“क्लारिस,” जोरिस पुटपुटला. ते अडवणं नव्हतं. बसल्या जागेवरून त्याने तिचा मोकळा हात धरला होता.

ह्युगेतने आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचले होते. शेवटची घंटा झाली, की जे मूल दिवसभर शहाण्यासारखं बसलेलं असतं, त्याचेच खांदे सगळ्यांत आधी सैल पडतात. क्लारिसचे खांदे तसेच खाली आले होते. डोळे भरलेले होते, आणि तरी चेहऱ्यावर गेल्या दोन वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. ह्युगेतला ते ओळखायला वेळ लागला नाही. नाव द्यायला मात्र लागला.

“आई,” क्लारिस म्हणाली, “मी तुला सांगणारच होते...”

“क्लेरमाँत?”

“जोरिसला तिथे काम मिळतंय. आम्ही ठरवलं नव्हतं, आई, खरंच. मार्ग आला असता, तर आम्ही राहिलोच असतो.”

“हो,” ह्युगेत म्हणाली. “राहिला असतात.”

तुर्नबीझने हातमोजे उचलले. ते अजून ओलेच होते, तरी त्याने घातले आणि सगळ्यांना एकदम नमस्कार करून तो निघाला. बाहेर त्याच्या सायकलच्या साखळीचा आवाज उताराने खाली खाली जात राहिला. बराच वेळ ऐकू येत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता.

लिझाँ दुधाची बशी घेऊन दारात आली आणि मोठ्यांचे चेहरे बघून तिथेच थांबली. ह्युगेतने तिला जवळ घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि मसुराची रास तिच्यापुढे सारली.

“कुठे होतो आपण?”

“हातच्यावर, आजी.”

“बरोबर. कर तू. मी बघते.”

मूल दाणे सरकवू लागलं. ह्युगेत त्याच्या बोटांकडे बघत राहिली आणि मान वर न करताच लेकीला म्हणाली,

“शाळा बदलायची तर जानेवारीत बदला. ईस्टरनंतर नको. तोवर वर्गात मैत्र्या जमून गेलेल्या असतात, आणि नवीन मूल मागच्या बाकावर एकटं पडतं.”