मागच्या दाराचं हँडल

लिलावात ती गाडी कुणालाच नको होती. टाईल्सवाल्यांनी ती घेतली, कारण त्यांच्या व्याह्यांना ती हवी होती.

व्याही म्हणजे सुनेचे वडील, अप्पा. पोलीस खात्यात ड्रायव्हर होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी हीच गाडी चालवली. त्या काळी हिचा भोंगा ऐकला की माणसं न केलेले गुन्हे आठवू लागत. आता ती शोरूमपुढे, वॉश बेसिनांच्या शेजारी, गिऱ्हाईक खेचायला उभी राहणार होती. टाईल्सवाल्यांनी व्याह्यांना आवर्जून फोन केला आणि तुमची गाडीही आमच्याकडेच नांदायला आली, असं कळवलं.

सून जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचं काम करायची. नवरा परगावी नोकरीला, दुकानामागे सासऱ्यांची मोठी शेड, आणि तिला तिथे स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. सासरे रोज सकाळी स्वतः कुलूप उघडून देत, संध्याकाळी स्वतः लावत, आणि मधल्या वेळात किल्ली बोटात फिरवत पाहणी करून जात. अट त्यांनी जेवताना सांगून टाकली होती. गाडी अशी कर की मला तिच्यात बसावंसं वाटेल, आणि तुझ्या वडिलांनी चारचौघांत म्हटलं पाहिजे की हीच ती. तसं झालं तर शेड तुझी. नाही झालं तर मी तिथे कमोड ठेवीन, ते निदान उलट बोलत नाहीत.

अप्पांनी त्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. शेडला पायरी नव्हती. त्यामुळे ते रोज येत.

निळा रंग खरवडल्यावर खालून राखाडी निघाला. सासरे म्हणाले, हाच कंपनीचा, म्हणजे हाच अस्सल. अप्पा म्हणाले, राखाडी होती तेव्हा ती नुसती गाडी होती, पोलिसांची झाली ती निळी झाल्यावर. स्टिअरिंग इतकं जड होतं की त्याने अप्पांचा उजवा खांदा कायमचा कामातून गेला होता. तेही जसंच्या तसं हवं, हे ते डाव्या हाताने हातवारे करून सांगत. सासऱ्यांना एसी हवा होता, गाणी हवी होती आणि पांढऱ्या सीट हव्या होत्या. पांढऱ्या सीट ऐकल्यावर अप्पांनी, नळ पण बसवून घ्या, असं सुचवलं.

सुनेने दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांनाही न सांगता काम केलं. रंग निळा दिला. स्टिअरिंग आतून हलकं केलं. एसी वायरलेसच्या रिकाम्या डब्यात असा दडवला की शोधूनही सापडू नये. डोळ्यांना दिसतं ते अप्पांचं, अंगाला लागतं ते सासऱ्यांचं, अशी वाटणी होती.

वाटणी अडली हँडलवर. मागच्या दारांना आतून हँडलच नव्हतं. काच खाली करायची सोय नव्हती, पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये लोखंडी जाळी. पोलिसांच्या वर्कशॉपने हे सगळं मुद्दाम केलेलं. सासरे म्हणाले, मी काय आरोपी आहे का? अप्पा यावर काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत याचाच सासऱ्यांना जास्त राग आला. मग तिने काढ-घाल करता येतील अशी हँडलं बनवली. अप्पा यायच्या आधी ती काढून पुढच्या कप्प्यात ठेवून द्यायची.

दाखवण्याच्या दिवशी सासऱ्यांना पुढे बसवायचं आणि अप्पांना मागे, असा तिचा बेत होता. पण सासरे पुढचं दार धरून व्याह्यांना म्हणाले, बसा, मान तुमचा. अप्पा म्हणाले, ती साहेबांची सीट, ड्रायव्हर तिथे बसत नाही, आणि मागे जाऊन बसले. व्याही मागे आणि आपण पुढे बसलो तर उद्या पाहुण्यांत बोभाटा होईल म्हणून सासरेही मागे शिरले. सुनेने तोंड उघडायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं होतं.

रस्ताभर दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच अप्पा म्हणाले, "बघा कशी गार आहे आतून. जुन्या पत्र्याची गोष्टच वेगळी."

चक्कर मारून गाडी शोरूमपुढे येऊन थांबली. सासऱ्यांनी दार चाचपलं. वर, खाली, पुन्हा वर.

"शोधू नका," अप्पा म्हणाले. "भले भले शोधून दमले."

"तुमच्या मुलीला उघडायला सांगा."

"सून तुमची. तुम्ही सांगा."

कुणीच सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगणारा हरणार, हे न ठरवताच ठरलं होतं. सुनेने आरशात दोघांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

थोड्याच वेळात जुन्या पत्र्याची गोष्ट इतर पत्र्यांसारखी झाली. अप्पांनी कपाळ पुसलं, वायरलेसच्या डब्याकडे पाहिलं, मग मुलीच्या पाठीकडे.

"काय बसवलंस त्यात?"

"तुम्हाला आवडलं ते," ती म्हणाली. हँडलं कप्प्यात आहेत, दोघांनी मिळून एकच काय ते सांगा, लावू की नको, म्हणजे तसं कायमचं करून टाकते.

अप्पा घामाने भिजले होते. ते म्हणाले, लाव. पण मग हीच ती, असं मी म्हणणार नाही. त्यावर सासरे म्हणाले, नको लावू, यांनी म्हटलंच पाहिजे. अप्पा म्हणाले, मी इथे उकडून मेलो तरी म्हणणार नाही, आणि तुम्ही उकडणार असलात तर मुळीच नाही. सासऱ्यांनी अप्पांच्या घराण्याचा उद्धार केला. अप्पांनी कमोडवाल्यांच्या घराण्याचा केला. शोरूममधली पोरं काचेला नाक लावून बघत होती.

सुनेने सासऱ्यांच्या बाजूने जाळीत बोट घातलं. "पप्पा, शेडची किल्ली."

"हे बरं नाही हां."

"नाहीच बरं. किल्ली द्या."

सासऱ्यांनी मदतीसाठी व्याह्यांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "द्या हो. नाहीतरी कमोडच ठेवणार होता ना?" सासऱ्यांनी किल्ली जाळीतून अशी सरकवली की जणू स्वतःचा दात काढून देत होते. तिने उतरून आधी एक दार उघडलं, मग दुसरं.

बाहेर येताच दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि नात्याच्या इतिहासात प्रथमच एका सुरात बोलले. गाडीची पार वाट लावली. हे भंगार माझ्या दारातून हलव, सासरे म्हणाले. माझ्या दारात आणू नकोस, अप्पा म्हणाले. तिने गाडी शेडमध्ये नेली आणि आतून कडी घातली.

एसी तिने काढला नाही. हँडलं लावली नाहीत.

पुढे शेडवर पहिलं गिऱ्हाईक आलं. आजोबांची गाडी अगदी होती तशी हवी होती, फक्त छत उघडणारं, सीट गरम होणारी आणि रंग जरा आजचा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"चला, आधी एक चक्कर मारू," ती म्हणाली. "मागे बसा."