कड्याकडे निघालेला ठिपका

दुपारी धूळ उठली नि कुंपणावरचे सगळे कॅमेरे आंधळे झाले. उरलं ते रडार. माळावरच्या आमच्या गॅस पाइपलाइनच्या स्टेशनभोवती काय हलतंय हे त्याला धुळीतही कळतं. थांबलेलं मात्र दिसत नाही. पडद्यावर एक मोठा ठिपका नि त्याला चिकटून एक लहान, असे दोघे कड्याच्या बाजूला निघालेले. सकाळीच सासरे, म्हणजे आमचे अता, हरवलेली उंटीण शोधायला गेले होते.

"बेर्दीबेक, आमचे अता आहेत ते! सरळ कड्याकडे चाललेत!"

बेर्दीबेक आमचा पहाऱ्याचा प्रमुख. जीपकडे पळत म्हणाला, "मी पोचेपर्यंत भोंग्यावरून थांबव त्यांना."

मी माईक ओढला. "अता! थांबा! अहो अता!"

ठिपके थांबायचे सोडून भराभरा निघाले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. याच भोंग्यावरून मी रोज त्यांना नि त्यांच्या उंटांना कुंपणापासून हाकलते. वाऱ्यात शब्द कळत नसणार, आवाज तेवढा कळतोय. म्हातारा आपला लांब पळतोय. मी वायरलेसवर तसं सांगितलं.

"नाव घेऊन हाक मार! आपलं नाव माणसाला वाऱ्यातही कळतं!" वायरलेसवर बेर्दीबेक खेकसला.

"कसं घेऊ? सासरे आहेत ते!"

आमच्या भाषेत त्यांच्या नावात मेंढी येते, म्हणून लग्न झाल्यापासून मी मेंढीलासुद्धा 'लोकरवाली' म्हणते. जीभच वळत नाही हो.

"अगं बये, कड्याखाली गेल्यावर मान कुणाला देशील? दगडांना?"

मी डोळे मिटले नि बेंबीच्या देठापासून ओरडले, "कोयबगार! बस खाली! कोयबगार!"

ठिपके थांबले. आणि पडद्यावरून गेले.

"बसले का?" बेर्दीबेकने विचारलं.

"मला काय माहीत! बसलेला नि पडलेला, याला दोन्ही सारखेच!"

मी खुर्चीवरून उठले, बसले, परत उठले. चहा ओतायला गेले तर निम्मा टेबलावर. हलू नका अता, हलू नका, असं पुटपुटत होते. आणि पडद्याला म्हणत होते, मेल्या, एकदा तरी हलताना दाखव. जिवाची नुसती तगमग.

शेवटी वायरलेस खरखरला. "सापडले! उंटीण बसवून तिच्या आडोशाला बसलेत. पुढे लगेच कडा आहे, बाई."

मी विचारलं, "रागावलेत का?"

"विचारताहेत, हाक कुणी मारली."

"मी. चुकलं म्हणावं माझं."

बेर्दीबेकने वायरलेस त्यांच्या हातात दिला. मग सासऱ्यांचा आवाज आला, घसा धुळीने बसलेला.

"तू होतीस होय सूनबाई? आई गेल्यापासून मला नावानं दटावणारं कुणी उरलं नव्हतं. वाटलं, तीच आली. म्हणून मुकाट बसलो. डोळे पुसून बघतो, तर हा दाढीवाला बेर्दीबेक!"